छपराखालचं ऊन

मार्च उलटला की वर्तमानपत्रात ती नेहमीची चौकट येते. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, ताक-सरबत प्या. सल्ला चांगलाच आहे, त्यात वावगं काही नाही. पण त्या चौकटीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ऊन म्हणजे बाहेर आणि आत म्हणजे सावली. सावलीत आलो की सुटलो. आता इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या बाईने या सल्ल्याचं काय करायचं? सोलापुरात पत्र्याच्या खोलीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारीने काय करायचं? खानावळीत तीन शेगड्यांसमोर उभं राहून दिवसाला दोन-अडीचशे पोळ्या लाटणारीने? या सगळ्या जणी आतच तर आहेत, सकाळपासून.

खारघरची दुर्घटना आपल्याला आठवते. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर तासन् तास बसलेल्यांपैकी चौदा जण उष्माघाताने गेले. त्यावर चर्चा झाली, मांडव का नव्हता हे विचारलं गेलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. पण उघड्यावरचा मृत्यू दिसतो. छपराखाली माणसं अशी एकदम पडत नाहीत, एकेकटी पडतात. ‘चक्कर आली’, ‘बीपी लो झालं’, ‘अटॅक आला’ असं म्हणत घरचे नेतात आणि कागदावर शेवटी हृदयविकार लिहिलं जातं. त्या खोलीत त्या दिवशी किती उकडत होतं याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून उष्माघाताचे आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवायला हवं, की हे ओळखले गेलेल्यांचे आकडे आहेत.

तापमानाच्या आकड्याचंही तसंच. ‘आज सोलापूर ४२ अंश’ असं आपण वाचतो ते तापमान कुठलं असतं? हवामान खात्याचा तापमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून वर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. म्हणजे तो सावलीत असतो, त्याला वारा लागतो आणि त्याच्या शेजारी शेगडी नसते. त्या पेटीत ४२ असताना तापलेल्या पत्र्याखाली, मोटारींच्या आणि भट्टीच्या शेजारी किती असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करायचा. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली तेव्हा केवढा गहजब झाला होता! पुढे ती यंत्रातली चूक निघाली. चुकीच्या आकड्याला देशभर प्रसिद्धी मिळाली, आणि शेडमध्ये साधा तापमापक टांगावा हे मात्र कोणाच्या मनात आलं नाही.

हे अंगाला का सोसत नाही, ते आधी समजून घेऊ. आपलं शरीर ही एक छोटी शेगडीच आहे म्हणा ना. नुसतं बसून राहिलं तरी पूर्वीच्या शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता ते बाहेर टाकत असतं. अंगमेहनतीचं काम सुरू झालं की ती तिप्पट-चौपट होते. ही उष्णता बाहेर गेली नाही तर आतलं तापमान चढू लागतं. भोवतालची हवा अंगापेक्षा थंड असेल तर काम सोपं असतं. हवाच अंगापेक्षा गरम झाली की एकच दार उरतं, घाम. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल, कोंदट असेल, तर घाम निथळत राहतो, पदर भिजतो, पण गारवा येत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता मात्र आतच राहिली. म्हणून विदर्भातल्या कोरड्या ४३ अंशांइतकाच कोकणातल्या दमट स्वयंपाकघरातला ३६ अंशही जड जाऊ शकतो. नुसता पारा बघून चालत नाही तो यामुळे.

आता यंत्रमागाची शेड बघा. सुती धागा कोरड्या हवेत तटातटा तुटतो, म्हणून हवेत ओल असावी लागते. वाऱ्याने किंजळ उडते म्हणून पंखे मोजकेच, आणि खिडक्याही बऱ्याचदा बंद. वर सिमेंटचे नाहीतर लोखंडी पत्रे, खाली ओळीने खडखडणाऱ्या मागांच्या मोटारी. म्हणजे गरम, दमट आणि वारा नसलेली, अशी घाम वाळू न देणारी हवा आपण धंद्याच्या गरजेपोटी मुद्दाम तयार केलेली असते. सायझिंगमध्ये तर वाफेवर तापलेल्या रुळांवरून सूत वाळवत नेतात, तिथली गोष्टच वेगळी. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, विटा या गावांत लाखो संसार या धंद्यावर चालतात. मागावर पुरुष जास्त दिसतात, पण कांड्या भरणं, घडी घालणं, कापडातले दोष दुरुस्त करणं या कामांत बायका आहेतच.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं घर हाच कारखाना. ब्रँचमधून पान-तंबाखू आणायची, घरी वळायची, मोजून परत द्यायची. पंखा लावला तर तंबाखू उडते आणि भिजवलेलं पान वाळून कडक होतं. म्हणून भर एप्रिलात पंखा बंद. त्याच पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक, तिथेच लेकरं आणि रात्रीची झोपही तिथेच. दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. उष्णतेचा त्रास एका दुपारचा नसतो तो असा. रात्री अंग निवलं नाही की दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्याने होते, आणि लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो.

बाकी यादी करायला बसलं तर संपणार नाही. चुरमुऱ्याची भट्टी, बेकरी, फौंड्री, कोळशाची इस्त्री, फरसाणाची कढई, लग्नाच्या हंगामातले आचारी, टपरीवजा पत्र्याच्या गाळ्यात मशीन चालवणारी शिंपीण, शाळेत शंभर मुलांची खिचडी शिजवणाऱ्या ताई. आणि पोटमाळ्यावर, छताखालच्या कोंदट जागेत तारा ओढणारे इलेक्ट्रिशियन, प्लंबर. आपल्या घरी दुपारी तीन वाजता ‘आत्ताच या’ म्हणून बोलावताना हे आपल्या ध्यानात येत नाही.

बायकांच्या वाट्याला यात आणखी काही जास्तीचं येतं. पहिलं म्हणजे पाणी. ‘भरपूर पाणी प्या’ हे सांगायला सोपं आहे. पण जिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण त्याला कडी नाही, तिथे बाई पाणी पिणार कशी? सकाळी घरून निघताना एक पेला, मग थेट संध्याकाळी. हे काही अज्ञान नव्हे, हा हिशेब आहे. त्या हिशेबाची किंमत लघवीच्या जळजळीपासून मूतखड्यापर्यंत आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मूत्रपिंडापर्यंत जाते. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही, मूत्रपिंडं निकामी होण्याचे प्रकार मोठ्या संख्येने आढळले. उन्हातली सततची मेहनत आणि शरीरातलं पाणी आटणं यांचा त्यात मोठा वाटा असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणून माझ्या मते उष्माघाताच्या प्रत्येक सरकारी फलकावर पाण्याच्या बाटलीशेजारी शौचालयाचं चित्र असायला हवं.

दुसरं, गरोदरपण. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या आठशे गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात शेतात, वीटभट्टीवर, मिठागरात काम करणाऱ्या होत्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की जास्त उष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये गर्भपाताचा आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका इतरांच्या दुप्पट होता. आपल्याकडे सातव्या महिन्यात ‘जड उचलू नको’ असं सासू सांगते. ‘भट्टीपुढे बसू नको’ हेही पहिल्या महिन्यापासूनच सांगायला हवं.

आणि तिसरं, पाळी संपल्यावरची पाळी. पुरुष कामावरून येऊन ओट्यावर वारा खात बसतो, बाई शेगडी पेटवते. शरीराला निवायला जे दोन-तीन तास मिळायला हवेत ते तिला मिळतच नाहीत.

आता जरा वादाचा भाग. मालकाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण इचलकरंजीतला खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा, पुष्कळदा स्वतःच त्याच शेडमध्ये उभा असतो. कापडाचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचं बिल नाही आणि वेळेवर पैसे मिळणंही नाही. शेडवर खर्च करायचा तर तो कुठून? हे खरं आहे. पण त्याच साखळीच्या शेवटच्या टोकाला जो आहे त्याची मजुरी कशी ठरते तेही बघा. मागावर पिकाच्या हिशेबाने, मीटरवर. विडीला हजारावर. शिलाईला नगावर. थांबलं की मजुरी थांबली. अशा माणसाला ‘दर तासाला दहा मिनिटं विश्रांती घ्या’ म्हणून सांगणं म्हणजे ‘तेवढी मजुरी सोडून द्या’ असंच सांगणं. विश्रांतीचे पैसे कोण देणार, या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय कुठलीही उष्णता-योजना शेडच्या दाराच्या आत शिरणार नाही, असं मला वाटतं.

खरं तर थांबण्यात मालकाचाही तोटा नसतो, आणि हे भावनेपोटी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एक अहवाल काढला. उष्णता, दमटपणा, वारा आणि तापलेल्या वस्तूंची झळ यांचा मिळून एक निर्देशांक असतो. तो २० अंशांच्या वर गेला की प्रत्येक अंशामागे कामाचा उरक दोन ते तीन टक्क्यांनी घटतो, असं त्यात म्हटलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्येच हिशेब मांडला होता. १९९५ साली भारतात उष्णतेमुळे कामाचे ४.३ टक्के तास वाया गेले. २०३० पर्यंत हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं जाईल. म्हणजे काम थांबतंच आहे. आपणहून पंधरा मिनिटं थांबायचं, की चुका, तुटलेले धागे, भाजलेले हात आणि आजारपणाचे खाडे यांतून थांबायचं, एवढाच प्रश्न उरतो.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्यात हवा खेळती ठेवणं, तापमान सोसवेल इतपत ठेवणं, पिण्याचं पाणी, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हे सगळं होतं. अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी देण्याचीही सक्ती होती. आता तो कायदा आणि आणखी बरेच कायदे मिळून २०२० ची कामगार सुरक्षा आणि आरोग्याची संहिता झाली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हवा, तापमान, दमटपणा, पाणी, स्वच्छतागृह यांची जबाबदारी मालकावर असल्याचं तीही सांगते. गोम आहे ती संख्येत. १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत ही संख्या वीस आहे, आणि वीज नसेल तर चाळीस. संहितेच्या इतर तरतुदीही साधारण दहा कामगारांपासून पुढे सुरू होतात. आता तुमच्या गल्लीतल्या शेडमध्ये किती माणसं आहेत मोजा. सहा? आठ? खानावळीत चार, बेकरीत पाच, आणि विडीवाली तर घरात एकटी. जिथे सगळ्यात जास्त उकडतं तिथेच कायद्याचं छप्पर सगळ्यात तोकडं आहे.

सगळंच निराशेचं आहे असंही नाही. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, आणि त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. तो पुढे बाकीच्या शहरांनी उचलला. त्याच शहरात महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधली छपरं पांढऱ्या परावर्तक रंगाने रंगवून घेतली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. पांढरं छप्पर ऊन परत पाठवतं आणि आतलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. ‘सेवा’ संघटनेने २०२३ मध्ये असंघटित कामगार बायकांसाठी उष्णतेचा विमाही सुरू केला. ठरवलेल्या पातळीवर पारा गेला की दावा, पंचनामा काही न करता खात्यात थोडे पैसे येतात. रक्कम छोटी असते, पण ‘विश्रांतीचे पैसे कोण देणार’ या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं धड उत्तर आहे.

आणि तोवर? तोवर शेडमधली शेजारीणच डॉक्टर. म्हणून लक्षणं माहीत हवीत. आधी पोटऱ्यांत गोळे येतात. मग डोकं ठणकतं, मळमळतं, घाम खूप येतो, अंग चिकट लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही थकव्याची पायरी. इथे काम थांबवून गार जागी बसवलं, अंगावर पाणी मारलं, घोट घोट ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत दिलं तर माणूस सावरतो. पुढची पायरी धोक्याची. बाई असंबद्ध बोलायला लागते, उगाच चिडते, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. अंगातला ताप १०४ फॅरनहाइटच्या घरात किंवा वर असतो. हाच उष्माघात. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ ही समजूत चुकीची आहे. काम करता करता होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असू शकतं.

अशा वेळी १०८ ला फोन करायचा, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. एक एक मिनिट मोलाचं असतं. सावलीत आडवं करा, जाड कपडे सैल करा, बादलीने अंगावर गार पाणी ओता, जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवा. चारचौघांत बाईचा पदर कसा सोडायचा, या संकोचात वेळ जातो. दोन जणींनी चादरीचा आडोसा धरावा आणि बाकीच्यांनी पाणी ओतावं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. तापाची गोळीही देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, त्या गोळीने उतरत नाही आणि अपायही होऊ शकतो. कांदा नाकाशी धरण्यात जाणारा वेळ पाणी ओतण्यात घालवलेला बरा.

सर्वांत जास्त धोका कुणाला? नव्याने कामावर आलेल्याला, आणि लग्नसराईत गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलेल्याला. शरीर उष्णतेला सरावतं, पण त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. नव्या बाईला पहिल्या दिवशी भट्टीपुढे पूर्ण पाळी लावू नये, थोडं थोडं वाढवत न्यावं. अनुभवी आचारी हे जाणतात, मुकादम मात्र विसरतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आणि मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्या बायकांनी, आपण कुठे काम करतो हे डॉक्टरांना मुद्दाम सांगावं. आपण ‘घरीच असते’ म्हणतो आणि डॉक्टर पुढचं विचारत नाहीत.

पाणी तहान लागण्याआधी, दर वीस मिनिटांनी पेलाभर. एकदम तांब्या रिचवून उपयोग नाही. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय असं समजावं. पंख्याचं म्हणाल तर हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम झोतच अंगावर टाकतो; अंग, मान, हात ओले करून मग पंख्यापुढे बसलं तर फरक पडतो.

बचत गटाच्या बायकांना एक गोष्ट सहज करता येईल. साधा तापमापक आणि दमटपणा मोजणारी पट्टी असलेलं छोटं घड्याळ काही फार महाग मिळत नाही. ते शेडमध्ये, खानावळीत, विडीवालीच्या खोलीत आळीपाळीने टांगायचं आणि दुपारी तीनचा आकडा वहीत लिहायचा. महिनाभराची अशी वही घेऊन ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा मालकाकडे गेलं, तर ‘उन्हाळ्यात उकडणारच’ हे उत्तर देणं त्यांना जरा जड जाईल. मागणी करायचीच तर आधी स्वच्छतागृहाची करा, मग छपराची. छपराला चुना मारायचा असेल तर फेब्रुवारीअखेर मारून घ्यावा. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर माणूस चढवणं म्हणजे आणखी एकाला उष्माघाताच्या तोंडी देणं. आणि चुना पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांत धुऊन जातो, तेव्हा तो दरवर्षी मारावा लागतो, हे खर्चाच्या हिशेबात आधीच धरलेलं बरं.